पेडगावमार्गे अभ्यासदौरा

परदेशी अभ्यास-शिष्टमंडळ हा विद्यापीठांच्या आवारात हिवाळ्यात आढळणारा समूह आहे. त्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि ऊन तापू लागले की संपतो. म्हणजे ज्वारीच्या हुरड्याचा आणि परदेशी विद्वानांचा मोसम जवळजवळ एकच. समूहात आठ ते पंधरा माणसे असतात. त्यांत एक प्रमुख, एक स्वतःलाच खरा प्रमुख समजणारा, दोघे खरोखर अभ्यासू, एक सतत फोटो काढणारा आणि एक पोट बिघडलेला असतो. बाकीच्यांना 'सदस्य' म्हणतात.

साखर कारखाना पाहायला आलेल्या शिष्टमंडळाची बडदास्त सोपी. ऊस एका टोकाने आत जातो, साखर दुसऱ्या टोकाने बाहेर येते आणि मधल्या आवाजात कोणाचे प्रश्न ऐकू येत नाहीत. श्रीगोंदा तालुक्यात ही सोय आहे. इस्लामी अध्ययन केंद्राचे तसे नाही. तिथे आत गेलेला विद्यार्थी आणि सहा वर्षांनी बाहेर आलेला विद्यार्थी वरवर सारखेच दिसतात. फार तर दाढी वाढलेली असते, आणि तीही प्रबंध लांबल्यामुळे. त्यामुळे दाखवायला इमारत, ग्रंथालय आणि काचेच्या पेटीतले एक हस्तलिखित एवढेच उरते. हस्तलिखित नेहमी मधल्या पानावर उघडून ठेवलेले असते, कारण सुरुवातीची पाने वाळवीने आधीच अभ्यासलेली असतात.

असल्या केंद्रांची विद्यापीठीय परंपरा युरोपातली. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात १६१३ मध्ये थॉमस एर्पेनियस अरबीचा प्राध्यापक झाला. केंब्रिजला १६३२ मध्ये अरबीचे अध्यासन निघाले. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाची इस्लामी अध्ययन संस्था १९५२ ची, अलिगढची १९५४ ची, ऑक्सफर्डचे केंद्र १९८५ चे. अलिगढ आणि मॅकगिल यांच्यात दोनच वर्षांचे अंतर आहे. एरवी एवढ्या अवधीत विद्यापीठात एक लोखंडी कपाट मंजूर होते.

दख्खनात परदेशी अभ्यासकांचे येणे मात्र या सगळ्या केंद्रांहून जुने. मोरोक्कोचा इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून निघाला तो महंमद तुघलकाचा वकील म्हणून, मोठा लवाजमा घेऊन, चीनला जाण्यासाठी. पहिल्याच टप्प्यावर, कोईलजवळ म्हणजे आजच्या अलिगढपाशी, त्याला लुटारूंनी पकडले. सुटून तो दौलताबादला पोचला, तेव्हा त्याने तिथली द्राक्षे, डाळिंबे आणि गाणाऱ्यांचा बाजार यांची तपशीलवार नोंद केली. अभ्यासदौऱ्याच्या अहवालात फळे आणि करमणूक यांना जे स्थान असते, त्याची परंपरा इथपर्यंत मागे नेता येते.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन व्यापारी अफानासी निकितिन चौल बंदरात उतरून जुन्नरला आला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत, वर हजार मोहरा, असा प्रस्ताव ठेवला. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून निकितिनचा घोडाही वाचला आणि धर्मही. आजच्या शिष्टमंडळाची विमानतळावर फार तर एखादी बॅग हरवते, आणि तिच्या बदल्यात कोणी मोहरा देऊ करत नाही. पुढे निजामशाहीत इराणहून आलेला शाह ताहीर अहमदनगरच्या किल्ल्यात शिकवायला बसे आणि खुद्द बुऱ्हाण निजामशहा ऐकायला येई. बाहेरून आलेल्या विद्वानाचे व्याख्यान सत्ताधारी माणसाने शेवटपर्यंत बसून ऐकल्याचे जिल्ह्यातले दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

आता आधुनिक दौऱ्याकडे. सहा महिने पत्रव्यवहार चालतो. त्यातले पाच महिने पाहुण्यांच्या नावांच्या स्पेलिंगवर जातात आणि सहाव्या महिन्यात पाहुणेच बदलतात. बॅनरवर मात्र जुनीच नावे राहतात, कारण बॅनर आधीच छापून आलेला असतो.

उद्घाटनाचा प्रश्न नाजूक. समई लावावी, तर केंद्र इस्लामी अध्ययनाचे. कुराणपठणाने सुरुवात करावी, तर विद्यापीठ सरकारी. यावर महाराष्ट्राने काढलेला तोडगा म्हणजे कुंडीतल्या रोपाला पाणी घालणे. रोप कोणत्याच पंथाचे नसते. व्यासपीठावरचे आठही जण मानाप्रमाणे तांब्यातांब्याने पाणी घालतात. रोप आठवडाभरात कुजते, पण तोवर शिष्टमंडळ मायदेशी पोचलेले असते. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि सन्मानचिन्ह. नारळाचे पुढे काय करायचे हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. तो बराच वेळ नारळ कानाशी हलवून पाहतो आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत ठेवून जातो. हंगामात अशा हॉटेलच्या भटारखान्याला खोबऱ्याची ददात नसते.

यानंतरची चर्चा हा दौऱ्याचा गाभा असल्याचे कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले असते. पाहुणे विचारतात, "विद्यार्थी किती?" उत्तर येते, "वाढताहेत." पाहुणे विचारतात, "फारसी किती जणांना येते?" उत्तर येते, "त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत." पाहुण्यांनाही त्यांच्या देशात हेच प्रश्न कोणीतरी विचारलेले असतात आणि त्यांनी हीच उत्तरे दिलेली असतात. म्हणून ते समजुतीने मान हलवतात आणि वहीत काहीतरी लिहितात. मराठीत या क्रियेला वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात. दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच टेबलावरून पेडगावला गेल्याचे दृश्य अन्यत्र क्वचितच पाहायला मिळते. हे पेडगाव नेमके कुठे, ते योग्य ठिकाणी येईलच.

जेवणात पनीर असते. मटण ठेवावे तर हलाल की झटका, शाकाहारी ठेवावे तर लसूण की बिनलसूण, अशा वादांतून पनीर निर्विवाद बाहेर पडते. ते महाराष्ट्रातल्या कोणाच्याच आजीच्या स्वयंपाकघरातले नसल्यामुळे त्यावरून कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

दौऱ्याचा शेवटचा दिवस क्षेत्रभेटीचा. नमुन्यादाखल श्रीगोंदा घेणे सोयीचे आहे. श्रीगोंद्यात इस्लामी अध्ययन केंद्र नाही. हे गाव निवडण्याचे ते एक कारण, आणि शेख महंमद हे दुसरे.

पहिली अडचण नावांची. निघताना हातात दिलेल्या जुन्या नकाशावर जिल्हा अहमदनगर असतो, रस्त्यावरच्या नव्या पाटीवर अहिल्यानगर. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात गाव चांभारगोंदे, मैलाच्या दगडावर श्रीगोंदा. तालुक्यातला किल्ला एका पुस्तकात बहादूरगड, दुसऱ्यात धर्मवीरगड आणि गावकऱ्यांच्या तोंडी नुसता पेडगावचा किल्ला. दोन अभ्यासू सदस्य या सगळ्याची नीट टिपणे ठेवतात. परिणामी अहवालात भेट दिलेल्या ठिकाणांची संख्या प्रत्यक्षापेक्षा दुप्पट भरते आणि निधी देणारी संस्था खूश होते.

शेख महंमद हे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले मराठी संतकवी. वडील राजेमहंमद, आई फुलाई. मूळ गाव बीड जिल्ह्यातले वाहिरे. गुरू चांद बोधले, म्हणजे कादरी परंपरेतले सूफी. याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य जनार्दनस्वामी आणि त्यांचे शिष्य एकनाथ, असे परंपरा सांगते. म्हणजे एका सूफीच्या दारातून एक वाट पैठणला गेली आणि एक श्रीगोंद्याला. मालोजीराजे भोसल्यांनी शेख महंमदांना इथे आणून मठ बांधून दिला असेही परंपराच सांगते. मालोजींचा हा स्वभाव दिसतो. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस करून झालेल्या मुलांची नावे त्यांनी शहाजी आणि शरीफजी ठेवली होती. एर्पेनियस लायडनमध्ये डच पोरांना अरबी व्याकरण शिकवत होता त्याच काळात श्रीगोंद्यात अरबी नावाचा एक गृहस्थ मराठीत ओव्या रचत होता. 'योगसंग्राम' हा त्यांचा १८ प्रसंगांचा ग्रंथ १६४५ मध्ये पुरा झाला असे मानतात. त्याशिवाय 'पवनविजय' आणि 'निष्कलंकप्रबोध' आहेतच. लायडनला याची खबर नव्हती, आणि श्रीगोंद्याचेही लायडनवाचून काही अडत नव्हते.

शिष्टमंडळाजवळ एक छापील तक्ता असतो. त्यातला पहिला रकाना 'स्थळाचा प्रकार': मंदिर, मशीद, दर्गा, मठ, इतर, लागू असेल तिथे खूण करा. दुभाष्या हा प्रश्न ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारतो.

"बाबा, हे मंदिर आहे का दर्गा?"

"म्हाराजांचं ठिकाण हाये."

"हो, पण कुठले महाराज? हिंदू की मुसलमान?"

"शेख महंमद म्हाराज. पाव्हणं, आधी बसा तरी, च्या टाकलाय."

दुभाष्या भाषांतर करतो. प्रमुख 'इतर'वर खूण करतात. खरा प्रमुख 'मठ'वर करतो. फोटोवाला खूण न करता तक्त्याचाच फोटो काढतो. उत्तर देणाऱ्याने मात्र काहीच लपवलेले नसते. शेख अरबी, महंमद अरबी, महाराज संस्कृत. नावाचे दोन वाटे तिकडचे आणि एक वाटा इकडचा, आणि तिन्ही शब्द गावात एका दमात उच्चारले जातात.

दुभाष्याची खरी कसोटी पुढे लागते. शेख महंमद स्वतःला 'अविंध' म्हणवतात. त्या काळच्या मराठीत हा मुसलमानाला रूढ शब्द, अर्थ कान न टोचलेला. पुण्याहून आलेला दुभाष्या फारसी शिकलेला असतो, पण ओवीच्या वाटेला गेलेला नसतो. तो 'अविंध'चे भाषांतर 'ज्याला जखम झाली नाही असा' करतो. यावर एक सदस्य संतांच्या अहिंसेविषयी अर्धे पान लिहून काढतो. दुसरा सदस्य हळूच विचारतो की इथल्या हिंदूंचे कान कोण टोचते, का टोचते आणि कितव्या वर्षी. हा प्रश्न दौऱ्यातला पहिला खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर ओट्यावरचे बाबा सविस्तर देतात, सोनाराच्या नावासकट.

मग आख्यायिका येतात. शेख महंमद कीर्तनात उभे असताना तिकडे देहूला तुकोबांच्या मंडपाने पेट घेतला. त्यांना ते इथे दिसले आणि त्यांनी हात चोळून इथल्या इथे आग विझवली. श्रोत्यांनी पाहिले तर तळवे काळे. संतचरित्रे लिहिणारे महीपती याच जिल्ह्यातल्या ताहराबादचे. त्यांचा 'भक्तविजय' १७६२ चा. अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी नरहर गोडबोले यांच्यासह त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पाहुण्यांपैकी ज्यांनी ते वाचलेले असते, ते गोष्ट पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे डोळे विस्फारतात. सांगणाऱ्यालाही हे कळते. तो देहूचे अंतर थोडे वाढवून सांगतो.

इथे एक भेद नोंदवायला हवा. महाराष्ट्रातल्या संत-सूफी संबंधांवर ज्यांनी चिकाटीने लिहिले, त्यांतले परदेशी एकेकटे काम करणारे. जर्मन परंपरेतले ह्यू व्हॅन स्कायहॉक एकनाथी भागवतातल्या सूफी छटा शोधत बसले. स्लोव्हाकियाचे दुशान डेआक मुंतोजी बहामनी, चांद बोधले आणि शेख महंमद यांच्या मागे लागले. रोपाला पाणी घालायला अशा माणसांना कोणी बोलावत नाही. उलट बाजूचे उदाहरण वा. सी. बेंद्रे यांचे. शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र मराठी माणसासमोर आणणारे बेंद्रे १९३८ मध्ये कागदपत्रे धुंडाळायला युरोपात गेले. तेही एक अभ्यास-शिष्टमंडळच होते, सदस्यसंख्या एक. प्रमुख कोण, यावर त्यात मतभेद झाले नाहीत. शेख महंमदांचे वाङ्मय संपादून छापले तेही याच बेंद्रे यांनी.

मठातून निघाल्यावर कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे गाडीने थेट पेडगाव गाठायचे असते. पण पोट बिघडलेल्या सदस्यामुळे ती तहसील कचेरीपाशी थांबते. हा थांबा कोणत्याही अहवालात सापडत नाही. वास्तविक अख्ख्या दौऱ्यात अरबी भाषेचे सर्वांत घनदाट दर्शन होते ते इथेच.

सदस्यांत एखादा अरब प्राध्यापक असतो. वेळ घालवायला म्हणून तो दुभाष्याला पाट्या वाचायला सांगतो. दुभाष्या वाचत जातो: तहसील, तालुका, जिल्हा, महसूल, अर्ज, दाखला, नक्कल, तारीख, हरकत, वसूल, बाकी. प्राध्यापक प्रत्येक शब्दाला थबकतो. सगळे शब्द त्याच्या गावचे, पण इथे येऊन पार बदललेले. त्याच्याकडे तालुका म्हणजे संबंध, जोडलेले असणे. इथे तालुका म्हणजे दिवसभराची खोटी. त्याच्याकडे साहेब म्हणजे सोबती. इथे साहेब कोणाच्याच सोबत नसतात, ते मीटिंगला गेलेले असतात. आणि हरकत म्हणजे हालचाल, असे तो सांगतो, तेव्हा खिडकीतला कारकून पहिल्यांदाच मान वर करतो. कारण मराठी कचेरीत एकदा हरकत आली की फाइल जागची हलत नाही.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास या शब्दांचा बंदोबस्त करायचे ठरवले होते. रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी-अरबी वळणाच्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत. कोशाबद्दल सर्वांना आदर आहे आणि तो कपाटात आहे. खिडकीबाहेरचा शेतकरी मात्र आजही सात-बाराच्या नकलेसाठी अर्ज करतो, हरकत निघाली की वकील गाठतो, तारीख घेतो आणि बाकी भरतो. एवढ्या व्यवहारात आपण किती अरबी बोललो, याची त्याला दाद नसते. काष्टीच्या बाजारात बैलाचा सौदा करताना तो आणखी तेवढीच बोलतो. इस्लामी अध्ययन केंद्रात ज्या प्रश्नाला 'त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत' असे उत्तर मिळाले होते, त्याचे उत्तर इथे रांगेत उभे असते. पण दुभाष्याला घाई असते, कारण पेडगाव राहिलेले असते.

पेडगाव हे भीमेच्या काठावरचे, श्रीगोंदा तालुक्यातले गाव. भुईकोट किल्ला, आत लक्ष्मीनारायणाचे जुने कोरीव मंदिर. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याची छावणी इथे असे. शिवाजी महाराजांच्या एका तुकडीने समोरून येऊन हूल दिली, खान सगळी फौज घेऊन तिच्या मागे धावला, तुकडीने त्याला लांब लांब नेले आणि दुसऱ्या मोठ्या तुकडीने मोकळ्या छावणीतून एक कोटीचा ऐवज आणि २०० घोडे नेले, अशी कथा सांगतात. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण याच गावाशी जोडली जाते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबाच्या छावणीत आणले तेही इथेच. त्या जागेशी आल्यावर वाटाड्याचा आवाज उतरतो, पाहुण्यांचे कॅमेरे खाली जातात आणि दुभाष्याही एका वाक्यात भाषांतर उरकून गप्प बसतो.

भीमेच्या काठावर शेवटी हुरडा असतो. आगटीत भाजलेली कणसे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. इथे कार्यक्रमपत्रिका नसते, त्यामुळे लोक बोलतात. अरब प्राध्यापक म्हणीचा अर्थ समजावून घेतो आणि त्याच्या गावीही असाच एक खान होऊन गेल्याचे सांगतो. केंद्राचे प्रतिनिधी हळूच कबूल करतात की फारसी येणारे एकच सर आहेत आणि ते पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार. पाहुण्यांचा प्रमुख सांगतो की त्यांच्याकडे ते गेल्याच जूनमध्ये झाले. पोट बिघडलेला सदस्य सगळ्यांत जास्त हुरडा खातो.

अहवाल दोन महिन्यांनी येतो. त्यात हुरडा 'स्थानिक धान्यप्रक्रिया' या शीर्षकाखाली असतो, तहसील कचेरी नसते, आणि शेख महंमदांच्या स्थळाचा प्रकार 'इतर (४ मते), मठ (३ मते)' असा नोंदलेला असतो. सोबत आभाराचे पत्र आणि परतभेटीचे निमंत्रण. परतभेट हा अभ्यासदौऱ्याचा अंतिम टप्पा होय. निमंत्रण दहा जणांचे असते. यादीत व्यवस्थापनाचे दोन पदाधिकारी, त्यांच्या सौभाग्यवती, विद्यापीठाचे तिघे अधिकारी, लेखा विभागाचे एक आणि बॅनरचे काम पाहणारा एक, अशी नावे बसतात. दहावी जागा फारसीच्या सरांसाठी राखलेली असते. पण तोवर जून उजाडतो.